भट्टीपासून तीन महिने लांब

इमारती पाडणाऱ्या टोळीत तिला सगळे भूकंप म्हणत. सात किलोचा घण ती डोक्यावरून आणायची आणि भिंत जिथे आधीच आतून खचलेली असे, नेमका तिथे घालायची. मुकादम म्हणायचा, "हिला नुसती उभी करा, भिंत घाबरून पडेल."

सासूला त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. "सतरा इमारती पाडल्या हिने. हिच्या पोटात काय टिकणार?"

टेस्ट ट्यूब बेबीचे दोन प्रयत्न फसले होते. पहिल्या वेळी गर्भ काचेच्या बशीतच तिसऱ्या दिवशी वाढायचे थांबले. दुसऱ्या वेळी पोटात सोडलेला गर्भ रुजला नाही. त्या दिवशी नवऱ्याने तिच्या कानशिलात भडकावली. तिने सोसून घेतलं, कारण तिलाही वाटत होतं की दोष आपल्या घणाचा. घण पलंगाखाली गेला. सहा महिने ती घरात बसली.

तिसऱ्या आणि शेवटच्या प्रयत्नाआधी डॉक्टरीणबाईंनी कागद उलटले.

"काम का सोडलंत? भिंती पाडल्याने काही बिघडलेलं नाही. वय अडतीस, स्त्रीबीजं कमी मिळतात, त्याला इलाज नाही. पण यांचे शुक्राणू अजून तसेच अर्धमेले." त्या नवऱ्याकडे वळल्या. "भट्टी सोडलीत ना? मागे एकटे आलात तेव्हाच बजावलं होतं. रोज कमरेशी एवढी आच घेतलीत तर कसं होणार? नवे तयार व्हायला तीन महिने लागतात."

"सोडली की," नवरा म्हणाला.

तो घरामागच्या भट्टीत पाव भाजायचा. त्याच्या शर्टावरची राख तिने त्याच सकाळी झटकली होती.

घरी येताच तिने पलंगाखालून घण ओढला आणि ती मागच्या अंगणात गेली.

"अगं ए, वेड लागलं का?"

"मी काम सोडलं. तुम्ही काय सोडलंत?"

"भट्टी सोडली तर लोक विचारतील, का सोडली. काय सांगू? कमी माझ्यात आहे म्हणून?"

पहिला घाव भट्टीच्या तोंडावर बसला. विटा दातांसारख्या उडाल्या. त्याने पाव काढायचं लांब फावडं उचलून तिच्या खांद्यावर हाणलं, दांडा मोडला. ती वळली. घण वर गेला, आणि आपली कवटी किती पातळ आहे ते त्याला क्षणात कळलं. घण त्याच्या कानाजवळून जाऊन घुमटात घुसला. निखारे उसळले. तिच्या हातांवर फोड आले. ती थांबली नाही. घुमट आत कोसळला.

"मेले, माझ्या लेकाच्या पोटावर पाय दिलास!" सासू किंचाळत आली.

आवाजाने शेजारचा न्हावी कुंपणाशी धावला, मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. "काय हो, भट्टी पडली?"

तिच्या खांद्यातून रक्त ओघळत होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

त्याने निखाऱ्यांकडे पाहिलं, मग आईकडे.

"पाडली. माझ्यासाठी पाडली. आचेने माझंच बिघडलंय, आई. डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगितलं होतं. मी लपवलं."

सासूने मोडक्या फावड्याचा दांडा उचलून कुंपणाशी ठेवला. गिऱ्हाईकाच्या गालावरचा साबण सुकत होता.

"उद्या सकाळी सातला," भूकंप नवऱ्याला म्हणाली. "टोळीत राडारोडा उचलायला माणूस हवाय. तीन महिने."

तिने पुन्हा घण उचलला. भट्टीच्या विटांची खालची रांग अजून उभी होती, आणि पाया शाबूत राहिला की माणूस त्याच जागी पुन्हा बांधतो, हे सतरा इमारतींनी तिला शिकवलं होतं.