काकूंचा गिलास

बाजाराला जाताना काकू एकदा पिशवी विसरतील, पण गिलास विसरायच्या नाहीत. स्टीलचा, काठाला पोचा आलेला. पीठ, तेल, गुऱ्हाळावरून आणलेली काकवी, सगळं त्यानेच मापायच्या. गावाने नावच पाडलं, गिलासवाल्या काकू. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट जरा मिरवायच्याच.

आमचा बचत गट चालायचा तो काकूंच्या काकवीतल्या कापण्यांवर. कपिलधारच्या यात्रेत लोक विचारत यायचे. मग काकूंचे गुडघे गेले, लेकाने त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. प्रमाण फक्त त्यांच्या हातात होतं. मी वही घेऊन बसले. बारावी सायन्सचा तोरा होता ना! गिलासात पाणी दोनशे ग्रॅम मावलं, म्हणून काकवीही दोनशे ग्रॅम लिहून मोकळी झाले.

त्या मापाच्या कापण्या दगड झाल्या. काकूंनी एक तोंडात टाकली.

"महे दात बी आता पुण्यालाच बसवावे लागतेल," म्हणाल्या. "पोरी, पाण्यापरीस काकवी लई जड असती. एवढं शिकलीस अन् हे म्हाईत न्हाई व्हय?"

त्यांनी तोच गिलास काकवीने भरून काट्यावर ठेवायला लावला. गिलासाचं वजन वगळून दोनशे ऐंशी ग्रॅम भरले. मी आकडा खोडला. जाताना काकूंनी गिलास माझ्याच हातात दिला.

त्या गेल्यावर पहिल्याच घाण्याच्या कापण्या तेलात काळ्या पडल्या, काही तर फुटल्याच. यात्रा आठ दिवसांवर. मी रडकुंडीला येऊन फोन केला.

"काकू, आकडा चुकला."

"कावून चुकंल? गिलास निपटून घेतीस का?"

"घेते की, बोटाने पार पुसून. वाया कशाला घालवायची?"

"वाया?" काकू हसल्या. "अन् तुला भाकरीला लावून काय देत होते मी?"

मला एकदम आठवलं. दर घाण्याला काकू रिकामा गिलास भाकरीच्या तुकड्याने पुसायच्या आणि चुलीजवळ जी असेल तिच्या तोंडात तो घास घालायच्या. बहुतेक वेळा ती मीच असे. तेवढी काकवी वजन करून पाहिली, पंधरा ग्रॅम भरली. यात्रेतल्या कापण्या साधल्या.

काकू गेल्या वर्षी वारल्या. त्यांची फार आठवण येते. गटात नवी बाई आली की वही दाखवते. तिच्यात मी दोनशे पासष्ट लिहिलेलं नाही. दोनशे ऐंशीच ठेवलंय, आणि खाली लिहिलंय, त्यातली पंधरा ग्रॅम भाकरीला.