आज मोजमाप नाही

बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प असतो आणि तो कोणी करत नाही, हे आमच्याकडे उघड गुपित आहे. फेब्रुवारीत झेरॉक्सवाल्याकडून कुणाची तरी जुनी फाइल आणायची, आपल्या अक्षरात उतरवायची, वर प्लास्टिकचं कव्हर चढवलं की झालं. मी मात्र वर्षभर केला. मूर्ख होते म्हणून नव्हे. पर्यावरणाच्या मॅडमनी सांगितलं म्हणून.

जूनमध्ये त्या वर्गात म्हणाल्या होत्या, "एकीने तरी खरं काम करा गं." बघत माझ्याकडे होत्या. विषयही त्यांनीच सुचवला. धरणगावजवळच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी दर रविवारी मोजायचं आणि नोंद ठेवायची. त्या मला इतक्या आवडायच्या की घरी आरशासमोर मी त्यांच्यासारखं बोलून बघायचे.

मोजायला आबा, म्हणजे माझे आजोबा, सोबत यायचे. एका दोरीला आम्ही फुटाफुटावर गाठी मारल्या होत्या आणि टोकाला दगड बांधला होता. विहिरीला कठडा नाही, म्हणून ते मला काठाशी फिरकूही द्यायचे नाहीत. "मी दोरी धरस, तू लिख," म्हणायचे. दगड पाण्याला टेकला की त्यांच्या हाताला कळायचं. मग दोरी वर ओढायची आणि कोरड्या गाठी मोजायच्या. मोजताना त्यांना गप्पा सुचायच्या, आकडा चुकायचा, मी चिडले की ते मुद्दाम पुन्हा चुकायचे.

डिसेंबरात एका शनिवारी आबा गेले. रविवारच्या पानावर मी लिहिलं, 'आज मोजमाप नाही. आबा गेले.' का लिहिलं कोण जाणे. रकाना रिकामा सोडवेना. मॅडम घरी भेटायला आल्या तेव्हा ते पान दाखवून विचारलं, "हे खोडू का?" त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे. या फाइलमधली सगळ्यात खरी नोंद आहे ती." या बाईंसाठी मी काहीही करीन, असं तेव्हा वाटलं.

पुढच्या रविवारपासून दोरी मी एकटीने धरली. फेब्रुवारीत मॅडमनी फाइल तपासायला मागून घेतली. आठवड्याने मी रिफिल घ्यायला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, तर मशीनमधून माझंच अक्षर बाहेर पडत होतं. पानामागून पान. मी ओरडलेच. दुकानवाले भाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडमनीच दिनी ना. बठ्ठासले, आख्खा वर्गले काढी द्या, आसं सांगं त्यासनी."

मी तशीच स्टाफरूममध्ये गेले. मॅडम चहा पीत होत्या.

"अगं, चाळीस पोरांचे मार्क जातील. तुझं काय कमी होतंय त्यात?"

"पण मॅडम, ते आबांचं पान..."

"कोण वाचतंय एवढं!"

तो कप भिंतीवर फेकावासा वाटला. फेकला नाही. दुकानातून फाइल परत घेतली, घरी आले आणि रागाने रडले. ती ओळ खोडून टाकावी असंही मनात आलं. मग म्हटलं, मीच का खोडू?

तोंडी परीक्षेला जळगावहून एक सर आले होते. शेजारी मॅडम. पहिल्याच मुलाची फाइल चाळताना सर थबकले. "अरे, आजोबा वारले तुझे?" तो गोंधळला आणि म्हणाला, "हो सर." सर हळहळले. दुसऱ्याचेही त्याच दिवशी वारले होते. तिसऱ्या मुलीचेही. पाचव्या फाइलपर्यंत सरांना हसू आवरेना, मग वर्गालाही. मॅडम हजेरीपटात डोकं घालून बसल्या होत्या. ही फाइल हिची आहे, एवढं एक वाक्य त्या बोलल्या असत्या तरी पुरे होतं.

माझा नंबर आला. फाइल उघडायच्या आधीच सरांनी विचारलं, "काय, तुझेही गेले का?" सगळे खो खो हसले. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. त्या सगळ्या खोट्या आबांच्या रांगेत मला माझ्या आबांना उभं करवेना.

"नाही सर," मी म्हणाले. "आमचे आबा आहेत."

सरांनी फाइल उघडली, ते पान शोधून काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"कॉपी करताना," ते म्हणाले, "निदान वाचत तरी जा."