गावदेवी झालेला आमचा दगड

“कुठल्या बिल्डिंगच्या तुम्ही?”

“मागच्या.”

“मग आजी, लांबूनच नमस्कार करा. पूजा झालीय.”

माझ्या आईला म्हणाली ती. टॉवरच्या सेक्रेटरीची बायको. लालबागला, टॉवरच्या बागेत, सगळ्यांसमोर. आणि माईक माझ्या हातात.

आमची चाळ पाडून हा टॉवर उठला. आम्हाला मागची बुटकी बिल्डिंग. पाया खोदताना एक काळा दगड निघाला. टॉवरवाल्यांनी त्याला शेंदूर फासला, चांदीचे डोळे बसवले. म्हणे जुन्या गावाची गावदेवी! त्या दिवशी तिचा उत्सव, आणि गावाचं शहर कसं झालं ते सांगायला मी. कारण थापा मारण्यात माझा हात धरणारा अख्ख्या गिरणगावात नाही. सेक्रेटरीने आधीच बजावलेलं, “भराव कोणी घातला, वस्ती कोणाची, ते नको हं. पॉझिटिव्ह ठेवा.”

मीही रंगात आलेलो. इथे भातशेती होती, चिखल असा की सकाळी रुतलेला बैल संध्याकाळी शिवडीला शिंगं वर काढायचा. ताडी अशी की ताडावरचे कावळे उलटे उडायचे. लोक लोळत होते हसून.

तेवढ्यात आई उठली. आम्ही बौद्ध. ती नमस्काराला गेलीच नव्हती. शेंदराखालचा खळगा तिने ओळखला होता. चाळीच्या नळाखाली त्याच दगडावर तिने आमचे कपडे आपटले, जन्मभर. हात पुढे केला आणि ती बाई आडवी आली.

आई परत येऊन बसली. हात पदराला पुसला. हात कशालाच लागला नव्हता, तरी पुसला.

मी माईकवर म्हटलं, “ही गावदेवी नाही. आमचा धुण्याचा दगड आहे. माझे लंगोट आपटलेत माझ्या आईने यावर. इथलं खाजण, खाडीची दलदल, माझ्या पणज्याने डोक्यावर माती वाहून बुजवलं. आणि त्याला विहिरीला हात लावू देत नव्हते. वरून ओंजळीत ओतायचे पाणी.”

सगळे हसले.

“काय फेकतो यार!” कोणीतरी ओरडलं. टाळ्या.

आई हळूच म्हणाली, “खरं बोललास तरी हसतात रे तुला.”

कानफटात बसल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी यांना गुदगुल्या करत होतो. आमच्याच मातीच्या थापा मारून.

पुन्हा सांगितलं. तेच. सावकाश. थोडे हसले. पुन्हा सांगितलं. कोणी हसलं नाही. सेक्रेटरीने वायर उपटली.

आता दर रविवारी आई आणि मी त्या बागेत बसतो. येईल त्याला सांगतो. पोरांना, ड्रायव्हरांना, कुत्री फिरवणाऱ्यांना. एक शब्द फुगवत नाही. माईक लागत नाही. बाप गिरणीच्या खडखडाटात ओरडून बोलायचा, तोच गळा आहे माझा. सोसायटीने नोटीस लावलीय, पोलीस बोलवू म्हणतात.

बोलवा. त्यांनाही सांगेन.