नाकासमोर बसलेले दातवाले

चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या कवळ्या केल्या. डॉक्टर पुढच्या खोलीत, हे मागच्या. त्यामुळे गावभर त्यांचे दात होते, पण तोंडं अनोळखी. वाटेत कुणी दिलखुलास हसलं, की हे थबकून बघायचे. "सुळा अजून जरा घासायला हवा होता," एवढं पुटपुटून पुढे निघायचे. गल्ली त्यांना दातवाले म्हणते.

काम सुटलं तसं त्यांनी रिमोटवर उडणारं विमान आणलं. थर्माकोलचं, पिवळं, हातभर लांब. तीन वर्षांत ते सव्वीस वेळा उडालं आणि सव्वीस वेळा आपटलं. झाडात अडकलं, पाण्याच्या टाकीवर धडकलं, एकदा झोपलेल्या कुत्र्याच्या कुशीतच कोसळलं. कुत्र्याने हुंगलं आणि कूस बदलली. धड उतरलं असं मात्र एकदाही झालं नाही. नाक इतक्यांदा चिकटवलेलं, की आता त्यात थर्माकोल नावापुरतं, बाकी सगळा गोंद.

दुरुस्ती चालायची जेवणाच्या टेबलावर. घर थोरल्या बहिणीचं. तिने पोस्टात तीस वर्षं टपाल निवडलेलं. एका नजरेत चुकीचं पाकीट बाजूला काढायची. भावाच्या नादाला ती नावं ठेवायची, पण मैदानात विमान हाताने हवेत फेकायचं काम तिचंच होतं. तिच्यासारखं सरळ कुणाला फेकता यायचं नाही.

सव्विसाव्या वेळी मात्र ती चिडली.

"तीन वर्षं मी ताट मांडीवर घेऊन जेवतेय. आता पुन्हा मोडलं, तर दारातूनच कचऱ्यात. माझ्या टेबलावर येणार नाही."

"आणि नाही मोडलं तर?"

"मग तुला टेबल लागतंय कशाला?"

ताई शब्द फिरवायची नाही, हे दातवाल्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

त्या वेळी पंखातली मोटर गेली होती. काडेपेटीएवढी ही मोटर पंखांच्या मागच्या दोन पट्ट्या हलवते. रिमोटची दांडी उजवीकडे लोटली, की उजवी पट्टी वर, डावी खाली, आणि विमान उजवीकडे कलतं. त्यांनी दुसऱ्या बनावटीची मोटर बसवली, तारा जोडल्या आणि दांडी लोटून बघितली. टेबलाच्या एका टोकाला ताई मटार सोलत बसलेली. तिच्या टोपलीमुळे विमानाची शेपूट तिच्याकडे नि नाक यांच्याकडे आलं होतं.

"झकास!" दातवाले म्हणाले.

"झकास काय? परवापर्यंत दांडी उजवीकडे नेलीस की उजवी पट्टी वर जायची. आज खाली गेली."

"तू मटार बघ, ताई."

"मटारच बघत होते. पट्टी मध्ये आली."

रविवारी सकाळी मैदानावर वारा नव्हता. ताईने दोन पावलं धावून विमान सोडलं. ते सुरेख चढलं. दातवाल्यांनी दांडी हलकेच उजवीकडे लोटली. विमान डावीकडे, झाडांकडे वळलं. त्यांनी आणखी उजवीकडे लोटली. ते आणखी डावीकडे गेलं.

"अरे, उलटं चाललंय!" ताई ओरडली. "तेच सांगत होते ना मी!"

एका क्षणात सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मोटर उलटी फिरत होती आणि आपण नाकाकडून बघून ती सुलटी ठरवली होती! ज्या माणसाने चाळीस वर्षं समोरचा प्लॅस्टरचा जबडा बघताना त्याची उजवी दाढ आपल्या डाव्या हाताला धरली, तो नेमका हेच विसरला.

मग त्यांनी विमानाकडे विमान म्हणून बघणंच सोडलं. ते आ वासून समोर बसलेलं तोंड आहे, असं धरलं. त्याचं उजवं ते माझं डावं. बोटं आपोआप चालायला लागली. झाडं मागे पडली. एक मोठा फेरा झाला. विमान खाली आलं, गवताला टेकलं, थोडं घसरलं, आणि थांबलं.

दोघांपैकी कुणीच जागचं हललं नाही. विमान उतरल्यावर काय करायचं, याची सवयच नव्हती.

घरी ते त्यांनी कपाटावर ठेवलं. दुपारी टेबलावर दोन ताटं मांडली गेली. जेवण झालं, टेबल पुसलं, आणि दातवाले रिकामे हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ताईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा कपाटाकडे. मग उठून टेबलाच्या अर्ध्या भागावर वर्तमानपत्र अंथरलं.

"आण ते खाली," ती म्हणाली. "उलट्या पट्ट्या तशाच ठेवणार आहेस का? पुढच्या रविवारी कुणाच्या डोक्यात घालशील."

"मोडलं नाहीये ते, ताई."

"बिघडलंय तर खरं! आणि हे बघ, अर्धं टेबल माझ्या ताटाचं."

त्यांनी विमान आणलं. ताईने टेबलाच्या टोकावरची मटारची टोपली बाजूला सरकवली आणि विमान हाताने गर्रकन फिरवलं.

"शेपूट तुझ्याकडे."