मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्याने घर कधी विकत घेतलेलं दिसत नाही. बांधताना निदान विटा आपल्या डोळ्यांसमोर रचल्या जातात. आमचं मल्लेश्वरमचं घर बाबांनी विकत घेतलं, आणि त्यात आम्ही कसे फसलो याची गोष्ट नातेवाइकांना आजवर खोटीच सांगितली गेली. सांगणाऱ्यांत मीही होते.

बाबा पुण्याहून बंगळूरला सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कारखान्यात इंग्रजी, घरात मराठी. कानडीवाचून त्यांचं काही अडत नव्हतं, कारण अडायचं ते आईचं. रॉकेलवाला, दळणवाला, घरमालकीण, सगळ्यांशी तीच बोलायची. शेजारच्या मुलीचं पहिलीचं पुस्तक मागून आणून ती कानडी अक्षरं गिरवायला बसली, तेव्हा बाबा म्हणाले, "आता काय, परीक्षेला बसणार?" मी कॉन्व्हेंटात जात होते. मला इंग्रजी आणि हिंदी पुरत होती, आणि बाबांसारखीच मीही हसायचे.

सहा वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर आईने एकच मागणी लावून धरली. तिला स्वतःचं स्वयंपाकघर हवं होतं. भाड्याच्या घरात चूल एका कोपऱ्यात आणि त्याच खोलीत आमची अंथरुणं. "मला बंगला नको, दागिना नको. ओटा, मांडणी आणि दार लावता येईल अशी एक खोली द्या," असं ती म्हणायची. बाबांनी घरं पाहायला सुरुवात केली. दोन चांगली घरं त्यांनी केवळ मालक कानडी होते म्हणून सोडली. "भाषा कळत नाही, कागदात काय लिहितील कोण जाणे," असं त्यांचं म्हणणं.

मग एक मराठी गृहस्थ भेटले. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. कानडी मिसळलेली त्यांची मराठी बाबांना फार गोड वाटली. "राव, आपण आपली माणसं. तुम्हाला फसवून मी कुठे तोंड दाखवू?" हे वाक्य त्यांनी पहिल्याच दिवशी टाकलं आणि बाबा विरघळले. घर होतं त्यांच्या दिवंगत काकांचं. मागे विधवा काकू राहत होत्या. "काकू होसकोट्याला भावाकडे जातील. स्वल्प दिवसांचा प्रश्न," गृहस्थ म्हणाले. घर ऐसपैस, पुढे अंगण, मागे विहीर, आणि स्वयंपाकघर असं की आई उंबऱ्यातच उभी राहिली. किंमत मात्र कमी होती. ती का कमी, हे विचारणं बाबांना आपल्या माणसाचा अपमान वाटलं.

शुभकार्याला जोडीने जायचं म्हणून खरेदीखताच्या दिवशी बाबांनी आईलाही कचेरीत नेलं. शाळेला सुट्टी होती, मीही गेले. बाकावर तास गेला, दीड तास गेला. स्टँपपेपरवरचं खत आईच्या मांडीवर होतं, आणि ती ओळीखाली बोट धरून वाचत होती. बराच वेळ तिचे ओठ हलत होते. मग ती बाबांकडे वळली.

"अहो, यात काकूंचं काहीतरी आहे. 'जीव इरुववरेगू' म्हणजे जिवंत असेपर्यंत. मागच्या दोन खोल्या आणि 'अडिगे मने', म्हणजे स्वयंपाकघर, त्यांच्याकडे राहणार असं लिहिलंय."

गृहस्थ हसले. "अक्का, तशी लिहिण्याची पद्धत असते. काकू जाणारच आहेत."

"मग लिहिलंय कशाला?" आई म्हणाली.

बाबांचा चेहरा लाल झाला. कारकून बघत होता, गृहस्थ बघत होते. "भाजीवालीशी चार शब्द बोलता आले म्हणून खत वाचता येत नाही," ते म्हणाले. "ठेव तो कागद. उगाच शुभकार्याच्या दिवशी अपशकुन नको."

कारकुनाला मराठी समजत नव्हती, पण तोही हसला. मी हसले. माझं हसू सगळ्यांत मोठं होतं. आईने कागद घडी घालून बाबांच्या हातात दिला. बाबांनी सही केली.

गृहप्रवेशाच्या दिवशी काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. स्वच्छ पांढरं लुगडं, हातात पळी. "या, या, बसा. काफी करते," त्या म्हणाल्या. कॉफी झाली, आठवडा झाला, महिना झाला. होसकोट्याला त्यांचा भाऊ होता, पण ते त्याचं घर होतं. काकांनी मृत्युपत्रात या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर काकूंना जन्मभरासाठी दिलं होतं, आणि पुतण्याने खतात ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं. फसवणूक त्याने फक्त तोंडाने केली. बाबांनी त्याला गाठलं, तर तो म्हणे, "राव, कागदात सगळं आहे की!" आपण होऊन हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

काकूंचं सोवळं कडक. त्यांच्या स्वयंपाकघरात आमची सावलीसुद्धा चालायची नाही. तेव्हा स्वतःचं घर झाल्यावर आई मागच्या व्हरांड्यात शेगडी आणि स्टोव्ह मांडून स्वयंपाकाला बसली. वाऱ्याने स्टोव्ह विझायचा, पावसाची झड पिठात यायची. साडेतीन वर्षं. पदरी पडलं पवित्र झालं, असं लोक तिला म्हणायचे. तिने ते कधी म्हटलं नाही.

पण काकूंशी तिचं वैर नव्हतं, याचा मला राग यायचा. काकूंची नजर अधू होती. दुपारी त्या आपल्या उंबऱ्याच्या आत बसायच्या, आई बाहेर, आणि आई त्यांना कानडी वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पहिल्या पानापासून कोण वारलं तिथपर्यंत. एखादा शब्द अडला तर काकू सांगायच्या.

बाबा पाहुण्यांना सांगायचे, "काय करणार, खत कानडीत. घरात कुणाला येतंय कानडी?" आई तिथेच ताटं मांडत असायची.

मला स्थळं बघू लागले तेव्हा गोष्ट हातघाईवर आली. मुलाकडच्यांसमोर मी चहाचा ट्रे व्हरांड्यातून, धुराने डोळे लाल करून आणायचे. एका मुलाच्या आईने विचारलं, "तुम्ही इथे भाड्याने राहता का?" त्या रात्री मी रडले. बाबांनी दुसऱ्या दिवशी वकील गाठला.

वकील घरीच आले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. घरात कोणालाही कानडी वाचता येत नव्हतं, आणि खतातली अट कोणी समजावून सांगितली नाही, असं नवरा-बायकोने शपथेवर लिहून दिलं तर दावा उभा राहतो. कागद तयारच होता. बाबांनी सही केली आणि पेन आईपुढे धरलं.

"हे खोटं आहे," आई म्हणाली. "मी वाचलं होतं. तुम्हाला सांगितलं होतं."

"काहीतरी बोलू नकोस. केव्हा सांगितलंस?"

बाबा खोटं बोलत नव्हते, हे मला आज वाटतं. इतक्यांदा सांगून त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. "ही होती तिथे. विचारा तिला."

वकील माझ्याकडे वळले. मला सगळं आठवत होतं. तिचं ओळीखालचं बोट आठवत होतं. माझं हसूही आठवत होतं. पण मला ते स्वयंपाकघर हवं होतं, दार लावून चहा करायला, आणि मुलाकडच्यांना घर दाखवायला.

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

आईने पेन घेतलं आणि सही केली.

वकिलांनी काकूंना नोटीस पाठवली. म्हातारीला कळावी म्हणून कानडीत. पोस्टमन येऊन गेला तेव्हा दुपार होती, मी व्हरांड्यात तांदूळ निवडत होते. काकू लिफाफा घेऊन उंबऱ्यापाशी आल्या आणि नेहमीसारख्या खाली बसल्या. "वाच गे अम्मा, काय आलंय बघ."

आईने लिफाफा फोडला. तिला पहिल्या ओळीतच कळलं असणार. ती थांबू शकली असती, डोकं दुखतंय म्हणू शकली असती. तिने पूर्ण नोटीस वाचली, एक शब्द न गाळता. घरात कोणालाही कानडी वाचता येत नाही हे वाक्यही वाचलं, आणि खाली स्वतःचं नाव वाचलं.

"सरी, बरं," काकू म्हणाल्या. मग जरा पुढे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "तू मला वाचून दाखवलीस ते मी कोर्टात सांगत नाही हं."

त्या कोर्टात गेल्याच नाहीत. त्याच आठवड्यात भाऊ येऊन त्यांना होसकोट्याला घेऊन गेला. बाबांनी स्वयंपाकघराला चुना लावून घेतला, नवी मांडणी आणली. आई तिथे वीस वर्षं स्वयंपाक करत होती. त्या वीस वर्षांत तिने माझ्याकडून मीठ मागितलं, पाणी मागितलं, पण 'तू होतीस ना तिथे' असं तिने मला पुन्हा कधीही, कशासाठीही विचारलं नाही.