भिंतीपलीकडची राखण

भूत, करणी, भानामती असली बातमी माझ्या टेबलावर आली, की मी आधी पोलीस ठाण्यात फोन करतो आणि मग बहुतेक वेळा ती रद्दीत टाकतो. वार्ताहर म्हणून नाशिकमधली माझी सगळी नोकरी अशीच गेली. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून 'माणूस मुळात भोळा दिसतोय' असं कुणी म्हणायला नको. मी भोळा नाही. पण जे ऐकलं ते ऐकलं... त्यावरून मी मागे हटणार नाही.

जागा ओझरची. नाशिकहून महामार्गाने पिंपळगावकडे निघालं, की विमानांचा कारखाना लागतो. त्याच्याच धावपट्टीवर आता प्रवासी विमानंही उतरतात. या विमानतळाने आसपासचं काय काय बदललं, हे मी कितीतरी वेळा लिहिलंय. पूर्वी दिल्लीला जायचं तर आधी घाट उतरून मुंबई गाठावी लागायची. आता निफाडचा बागायतदार सकाळी बागेत चक्कर मारतो आणि संध्याकाळी दिल्लीच्या व्यापाऱ्यासमोर बसलेला असतो. गावातली पोरं टॅक्सीवर, पार्किंगला, माल चढवायला लागली. एखादी विमानसेवा बंद पडली की गावागावात चर्चा, सुरू झाली की पेढे.

काहींच्या जमिनीही गेल्या. त्यात माझ्या मावशीची होती.

मावशीचं नाव सुमन. तिची बरीच जमीन विमानतळाच्या हद्दीत गेली, रीतसर मोबदला मिळाला, मध्ये उंच भिंत उभी राहिली. भिंतीच्या अलीकडे एक पट्टा उरला. त्यावर तिने बेदाण्याचं शेड घातलं. निर्यातीतून मागे राहिलेली द्राक्षं विकत घ्यायची, रॅकवर पसरून वाळवायची. घर त्यावरच चालतं.

तिचे यजमान, म्हणजे आमचे अण्णा, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. जमीन होती तेव्हा तिथे ते ज्वारी घ्यायचे. राखणीला अण्णा एका टोकाला मचाणावर गोफण घेऊन, मावशी दुसऱ्या टोकाला पत्र्याचा डबा घेऊन. आमच्याकडे राखणीची एक रीत आहे. एकाने पाखरं उठवली, की त्याने हाक द्यायची आणि दुसऱ्याने लगेच ओ देऊन डबा बडवायचा. मग थवा शेतात कुठेच टेकत नाही, निघून जातो. ओ द्यायला उशीर झाला, की अण्णा संध्याकाळी जेवताना भांडायचे. त्यांची हाक अख्ख्या शिवाराला पाठ होती. आधी लांबलचक 'हाऽऽल्या', मग 'तुमच्या मामाचं शेत हाय का रंऽऽ' आणि शेवटी खोकला. विडीचा खोकला. तो कधी चुकला नाही.

गेल्या मार्चमध्ये भोरड्यांचे थवे उतरले. शेकड्यांनी येणारी गुलाबी-काळी पाखरं. ती बेदाण्यावर यायची, हुसकावली की भिंत ओलांडून धावपट्टीकडच्या गवतात बसायची. विमानाच्या इंजिनात एक पाखरू शिरलं तरी काय होऊ शकतं, हे मी सांगायला नको. विमानतळावरचे एक अधिकारी मावशीकडे आले. माणूस सभ्य होता.

"मावशी, तुमचे पक्षी आमच्या हद्दीत येतात."

"माझे?" मावशी म्हणाली. "त्यांच्या सातबाऱ्यावर माझं नाव लावलंय का कोणी?"

"शेड आहे म्हणून येतात ना."

"आन् विमानतळ व्हायच्या आधी काय पंढरीला जायचे? लय वर्षांपासून येत्यात, सायब. तुम्ही नवीन हायेत."

साहेब हसले, पण मुद्दा सोडला नाही. उद्या सकाळचं विमान उतरताना मी स्वतः इथे उभा राहून बघतो, म्हणाले. थवा शेड आणि धावपट्टी यांच्यामध्ये ये-जा करताना दिसला, तर शेड बंद करायची शिफारस करावी लागेल. रॅकवर माल अर्धा ओला होता. त्या आठवड्यात शेड बंद म्हणजे सगळा माल काळा पडणार आणि मावशीचं वर्ष बुडणार. तिने मला फोन केला. "पेपरवाला भाचा हाय तर ये. नुसतं उभं राह्य."

सकाळी आम्ही तिघं होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. साहेब आणि मी क्रेटच्या थप्पीवर उभे होतो, तिथून भिंतीपलीकडचं सगळं दिसत होतं. मावशी खाली, डबा-काठी घेऊन. विमान यायच्या थोडं आधी तिने शेडवरचा थवा उठवला... आणि व्हायचं तेच झालं. पाखरं भिंत ओलांडून पलीकडच्या गवतात बसली. बरोबर तिथेच, जिथे पूर्वी ज्वारी असायची.

"बघा," साहेब हळूच म्हणाले आणि वॉकी-टॉकी तोंडाशी नेला. लांब आकाशात विमानाचा दिवा दिसू लागला होता.

तेव्हा हाक आली.

भिंतीच्या आतून, गवताच्या मधोमध. 'हाऽऽल्या...' आणि पुढचं सगळं, मामाच्या शेतासकट. थवा एकदम उठला आणि भिंतीकडे, आमच्याकडे आला. परत शेडवर बसला असता, तर साहेबांना हवा तो पुरावा डोळ्यांसमोर होता. पण खालून मावशीने, क्षणाचाही विचार न करता, "होऽऽऽ" म्हणून ओ दिली आणि डबा बडवला. थवा वळला, शेड टाळून बाणगंगा नदीच्या अंगाने निघून गेला. विमान उतरलं. चाकं टेकल्याचा आवाज विरला, आणि त्यानंतर मला तो खोकला ऐकू आला.

गवतात कोणी नव्हतं. मोकळी जागा, लपायला झुडूपही नाही.

मावशी डबा हातात धरून तशीच उभी होती. कुणाला ओ दिली, हे तिला तेव्हा कळलं.

साहेबांनी वॉकी-टॉकीवर विचारलं. त्या टोकाला आपला कोणी माणूस नाही, असं उत्तर आलं. मग ते माझ्याकडे वळले. "ते मामाचं शेत वगैरे... कोण ओरडलं?" अण्णांबद्दल त्यांना कोणी एक शब्द सांगितलेला नव्हता.

शिफारस झाली नाही. शेडवर जाळी घाला, एवढंच त्यांनी सांगितलं. जाळी घातली. माल निघाला.

मी माझ्या पद्धतीने तपास केला. पाखरं हुसकवायला फिरणारी विमानतळाची स्पीकर लावलेली गाडी? त्या बाजूला नव्हती. प्रतिध्वनी? कशाचा? आधी कोणी ओरडलंच नव्हतं. कुणी नक्कल केली? भिंतीच्या आत, भर उन्हात, अदृश्य राहून? संपादकांना सांगितलं, तर त्यांनी चष्मा काढला. "साक्षीदार किती?"

"तीन."

"आणि ज्याची बातमी आहे, त्याची प्रतिक्रिया?"

सगळी न्यूजरूम हसली. हसू दे. भास एकाला होतो. अनोळखी माणसाला अण्णांच्या शब्दांसकट होत नाही.

गावात मात्र गोष्ट पसरली. चार-पाच जण नारळ, अगरबत्ती घेऊन भिंतीपाशी आले. दगडाला शेंदूर लावायचा बेत होता. मावशीने त्यांना फाटकातच अडवलं. "नारळ फोडाल, खोबरं सांडंल, ते खायला कावळे येतील. मंग सायब परत येतील. निघा!"

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगावं. फक्त 'तुम्ही ऐकलंच नाही' हे सांगू नये, ते मी मान्य करणार नाही.

मावशीला मी एकदाच विचारलं होतं, तुला काय वाटतं? ती रॅकवरचे बेदाणे हाताने परतत होती. मान वर न करता म्हणाली,

"जमीन त्यांची राह्यली नाय, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी हाक दिली, मी ओ दिली. नसती दिली तर भांडले असते."