हातभर आतडं आणि बिनतिखटाची कंदुरी

माझं हातभर आतडं परभणीत राहिलं आणि उरलेला मी एस.टी.नं गावाकडं परत आलो.

यात अतिशयोक्ती असलीच तर ती डॉक्टरांची. (हातभर म्हणताना त्यांनी स्वतःचा हात दाखवला होता आणि त्यांचा हात चांगलाच लांब होता.) आतड्याला पीळ पडला होता आणि तेवढा भाग कापून काढावा लागला. या पिळाचा तिखटाशी काही संबंध नाही असं डॉक्टर परोपरीनं सांगत होते. पण आमच्या ताडकळसच्या पट्ट्यात हे कोण ऐकणार? मी गावच्या शाळेत मास्तर. पण शाळेपेक्षा नाव जास्त माझ्या तिखट खाण्याचं. लोक काकडी खातात तशी मी हिरवी मिरची खायचो. पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीत ठेच्याची अख्खी वाटी पुसून खाल्ली आणि वर विचारलं, "घरात तिखट संपलंय का?" सासूबाई त्या दिवसापासून माझ्यासमोर फार अदबीनं वागतात.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "सकाळी न्याहारीला काय घेता?"

"भाकरी आन् ठेचा."

"आणि दुपारी?"

"ठेचा आन् भाकरी."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि माझ्या पोटाकडं बघितलं.

मग पथ्य आलं. तिखट बंद, तेल बंद, मसाला तर दिसेल त्या खोलीतून उठून जायचं! आमच्या सौभाग्यवतीनं, म्हणजे सुमननं, ते पथ्य अगदी मनावर घेतलं. रोज गुरगुट्या भात आणि बिनफोडणीचं मुगाचं वरण. शेजारच्या घरात तव्यावर मिरच्या भाजायला लागल्या की सगळी गल्ली खोकत घरात पळायची आणि मी एकटा भिंतीला नाक लावून उभा राहायचो. एकदा तर घरात कुणी नाही बघून लोणच्याच्या बरणीपर्यंत पोचलो. बरणीत हात घातला आणि मागून आवाज आला.

"अवो, काय करायलाव?"

"काही न्हाई गं. बरणीचं झाकण नीट बसतंय का बघायलो."

"कोपरापर्यंत?"

अशा वेळी माणसाला देव आठवतो. मला आईचा देव आठवला. मला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा आई दवाखान्याच्या व्हरांड्यात पदर पसरून बसली होती आणि आमच्या गावच्या पिराला नवस बोलली होती. "पीरबाबा, माझ्या बापूला उठवून बशीव. तुला बोकडाची कंदुरी करते!" बाबांनी ऐकलं, मी उठून बसलो. आता नवस फेडायचा होता.

कंदुरी म्हणजे पिराला बोकड द्यायचं आणि गावाला जेवण. आमच्या गावात तिचे दोन कायदे. ज्याच्या नावाचं बोकड, पहिला घास त्याचा. त्याच्या पोटात घास गेल्याशिवाय पंगतीत कुणी बोट बुडवायचं नाही. आणि सगळ्यांचं एकाच डेगीतलं, एकाच मोठ्या पातेल्यातलं. आजाऱ्याला वेगळं, पाहुण्याला वेगळं, असलं काही चालत नाही. यातलं एक जरी मोडलं तर नवस फिटत नाही. आणि न फिटलेला नवस ज्याच्यासाठी बोलला त्याच्याच जिवावर उलटतो. आईला यात तिळमात्र शंका नव्हती.

मला तर आनंदानं रडूच आलं. कंदुरीचा रस्सा! त्यावरची लालभडक तर्री! आणि खायचं बंधन देवाचं!

"आई," मी मुद्दाम सुमनला ऐकू जाईल असं विचारलं, "डॉक्टर मोठा का पीर?"

"पीर! ह्यात काय इचारायचं?"

"झालं तर मग."

सुमन तांब्या घासत राहिली. पण वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले की ज्यानं पोट शिवलं त्या डॉक्टरांनाही जेवायला बोलवायचं, आणि हिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"डॉक्टरांना? त्यांना कामून?"

"वा गं वा! माणसानं माझा लेक वाचवला, त्याला जेवायला बोलवू नये का?"

मला वाटलं, शहरातला मोठा माणूस घरी येणार म्हणून गांगरली. (नवरे किती भोळे असतात!)

गुरुवारी सकाळपासून निम्मं गाव पिराच्या लिंबाखाली जमलं. दर्ग्याचे मुजावर रहीमचाचा, कंदुरीचा रस्साही तेच करायचे. त्यांच्या हातच्या रश्श्यासाठी पूर्णेहून माणसं यायची. मी सकाळी काही खाल्लं नव्हतं. (खरं म्हणजे मी अडीच महिने काहीच खाल्लं नव्हतं, असं माझं मत होतं.) डॉक्टर स्कूटरवर आले. अण्णांनी त्यांना माझ्या शेजारी सतरंजीवर बसवलं. चाचांनी फातिया दिला. पंगत बसली. सगळ्यांच्या पत्रावळीत भाकऱ्या पडल्या, डेगीतून रस्सा वाढला, आणि सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

मी भाकरी मोडली, घास बुडवला, डोळ्यांजवळ आणला.

घास पांढरा होता!

पांढरा म्हणजे अगदी पांढरा नाही. हळदीच्या पाण्यात हाडं पोहायला उतरावीत तसा. तर्री नाही, येसराचा मसाला नाही, तिखटाचा एक कण नाही. मी पत्रावळीकडं बघितलं, डॉक्टरांच्या पत्रावळीत डोकावलं, पार पंगतीच्या टोकापर्यंत नजर टाकली. सगळीकडं तेच!

"चाचा! हे काय? बोकड आजारी होतं का?"

"मेरे कू मत पूछो मास्तर," चाचा डेगीकडं पाठ करून उभे होते. "अम्मा कू पूछो. मैं बोला, अम्मा, मय्यत के खाने में बी मिरच रहती, ये तो खुशी का काम है! सुनीच नै!"

पंगतीत कुजबुज सुरू झाली. आई पुढं आली.

"मीच सांगितलं. डॉक्टरांनी बापूचं तिखट बंद केलंय. घास तर बापूनंच घ्यायचाय, आन् डेग एकच पायजे. मग सांगा, मी काय करू? समद्यांचंच तिखट बंद केलं!"

निम्म्या गावाचं! माझ्या आतड्यापायी! पलीकडून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, आमाला काय झालंय? आमची आतडी हायेत की जाग्यावर!" अण्णांचा चेहरा तर असा झाला की जणू भर पंचायतीत कुणी त्यांचं धोतर ओढलं. "अगं, मी गावाला तोंड कसं दाखवू? पाहुणे म्हणतील, बोकडाला पाण्यातून काढलं आन् आमाला वाढलं!"

"गावाचं राहू द्या," आईचे डोळे भरले. "माझा लेक मरणाच्या दारातून आलाय. बापू, घे रे घास. लोकं खोळंबलेत."

आणि इथं माझी बुद्धी फिरली. मी घास खाली ठेवला आणि भर पंगतीत शहाणपणा काढला, "आई, पण देवाला असलं बेचव चालतं का? पीरबाबा रागावले म्हंजे?"

आई घाबरली. चाचा लगेच म्हणाले, "बराबर बोल रै मास्तर!" पंगत म्हणाली, "बराबर!" आणि तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले डॉक्टर म्हणाले, "पण यांचं तिखट बंद आहे, असं कोण म्हणालं?"

"तुमीच की साहेब," आई म्हणाली.

"ते सुरुवातीला. मागच्या तपासणीला मी सांगितलं ना, आता सगळं खाऊ द्या म्हणून. मास्तर पडद्याआड सदरा घालत होते. बाईंना सांगितलं मी."

सगळ्या पंगतीनं बाईंकडं बघितलं. बाई, म्हणजे आमची सुमन, हातात भाकऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. म्हणजे मधले ते सगळे गुरगुटे भात? ते वरण? ती बरणी?

"सांगितलं व्हतं," सुमन म्हणाली. "पर साहेब म्हणले, हळूहळू सुरू करा. ह्यायला हळूहळू येतंय का? पयल्या दिवशी वाटीभर ठेचा अन् दुसऱ्या दिवशी परभणीची गाडी! हसायला काय झालं?" ती पंगतीवर डाफरली. मग तिनं टोपली छातीशी धरली. "त्या व्हरांड्यात एकदा बसले मी. पुन्ना बसायची ताकद न्हाई माझ्यात."

मला एकदम भरून आलं. हिला इतकी धास्ती बसली असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. (भरून आलं, तरी भूक होती.)

आईनं डोळे पुसले. "सुमे, मला तरी सांगायचं गं! अख्खं बोकड वाया घालवलं की मी!" मग डॉक्टरांकडं वळून म्हणाली, "साहेब, नक्की ना? काही व्हनार न्हाई ना माझ्या लेकराला?"

"आतड्याला काही होणार नाही. ते मी शिवलंय."

"मग टाका तिखट. पर पयला घास बापूचाच!"

त्यानंतर जे झालं त्याला स्वयंपाक म्हणत नाहीत, सूड म्हणतात. ज्या बायका वाटीभर साखर उसनी द्यायला दहा कारणं सांगतात, त्या धावत घरी गेल्या आणि पदराखाली तिखटाचे डबे घेऊन आल्या. कुणी येसर आणला, कुणी ठेचा. चाचांनी कढईत तेल तापवलं आणि "अब्बी लाल करता मैं!" म्हणून त्यात सगळ्या गावाचं तिखट एकदम ओतलं आणि ती फोडणी डेगीत उलटली. पिराचं आवार खोकायला लागलं. ताडकळसच्या बाजाराला निघालेली एक बैलगाडी रस्त्यावरूनच माघारी फिरली. मी मात्र त्या धुरात छाती भरभरून श्वास घेत बसलो होतो आणि शेजारी डॉक्टरांना सांगत होतो, "साहेब, आता बघा मास्तर कसा जेवतो!"

लाल रस्सा वाढला. पंगत थांबली. मी भला मोठा घास केला, चांगला बुडवला, आणि तोंडात टाकला.

मला वाटलं, ऑपरेशन पुन्हा सुरू झालं. या खेपेला भूल न देता.

कानातून वाफ निघाली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, टाळूवर निखारा! इतक्या दिवसांच्या वरणभातानं माझी जीभ तान्ह्या पोरासारखी झाली होती आणि मला त्याची खबरच नव्हती. घास गिळवेना आणि थुंकता येईना. गाल फुगवून मी पंगतीकडं बघत राहिलो. पंगत माझ्याकडं बघत राहिली.

"बापू, गीळ!" आईनं हात जोडले. "पोटात गेला पायजे रे! थुकू नको! जिवावर उलटंल!"

मी मानेनंच नाही म्हणालो.

"अरे गीळ!" अण्णा ओरडले. "मास्तर, गिळा!" पंगत ओरडली. शाळेतली माझी पोरं, ज्यांना मी रोज पाढ्यांसाठी उभं करत होतो, ती तर एका सुरात म्हणायला लागली, "गिळा, गुरुजी, गिळा!" कुणी पाठीवर थापा मारत होतं, कुणी पंच्यानं वारा घालत होतं. डॉक्टरांनी माझी नाडी धरली. "घाबरू नका, मी आहे शेजारी," असं म्हणून ते हळूच हसले. सुमननं टोपली टाकली, माझ्यासमोर येऊन बसली, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "मिटा डोळे. मी हाय."

मी डोळे मिटले आणि गिळलं.

"गेला का?" आईनं विचारलं. चाचांनी बैलाचे दात बघावेत तसा माझा जबडा उघडून आत बघितलं.

"गया! नीचे गया!"

गावानं आरोळी ठोकली. आई पिराच्या पायरीवर डोकं टेकून ढसाढसा रडली. नवस फिटला होता. पंगत रश्श्यावर तुटून पडली. डॉक्टर, ज्यांच्यासाठी अण्णांनी दही आणून ठेवलं होतं, ते घाम पुसत तिसऱ्यांदा तर्री मागत होते. सुमन मला चमच्यानं साखर भरवत होती आणि येणारे-जाणारे मला बघून आपापल्या पत्रावळीकडं वळत होते.

बोकड माझ्या नावाचं, नवस माझ्या जिवाचा, आणि अख्ख्या बोकडातला मी खाल्ला फक्त एक घास. तोही गिळायला मला सगळं गाव लागलं.